मंजुळाला ताप येईना

पस्तीस वर्षं मी लोकांना सुया टोचल्या. लोक डोळे मिटतात, देवाचं नाव घेतात, चांगले मिशीवाले बाप्ये टेबलावरून उठून पळतात. सुई आत जाताना वाकून बघणारी बाई मला एकच भेटली. मंजुळा विश्राम नाखवा, राहणार चेंदणी कोळीवाडा, ठाणे पूर्व.

"सिस्टर, हे आत गेलं की पयलं कुठं जातं?" पहिल्याच दिवशी तिने विचारलं.

"आधी हलणं बंद कर, नाहीतर माझ्या बोटात जाईल," मी म्हटलं. माझा स्वभाव हा असाच. दवाखान्यात मला पाठीमागे तिखट सिस्टर म्हणायचे, आणि मला ते ठाऊक होतं. पण मंजुळाला तिखटाचं काय? तिने बाजारात बसून गिऱ्हाइकांच्या तीन पिढ्या सरळ केलेल्या.

ही गोष्ट अठ्ठ्याण्णव सालातली. स्टेशनच्या पूर्वेला आमचा छोटा दवाखाना होता आणि त्याच्यापासून चार पावलांवर मंजुळाची मासळीची जागा. वय चौतीस. अंगाने दणकट, आवाज त्याहून दणकट. एक दिवस पापलेट कापताना तिला एकाच्या जागी दोन पापलेटं दिसायला लागली. तिला वाटलं, चष्मा लागला असेल. महिन्याभरात ते गेलं. मग उजवा हात मुंग्या आल्यासारखा झाला, कोयता धरवेना. तेही गेलं. मग चालताना एका बाजूला झोक जायला लागला, आणि बाजारातल्या बायका कुजबुजायला लागल्या की मंजुळा सकाळी सकाळीच घेऊन बसते. तिने त्यातल्या एकीच्या अंगावर माशांचं पाणी ओतलं, तेव्हा कुजबुज थांबली. झोक काही थांबला नाही.

मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनी मोठ्या मशीनमध्ये घालून फोटो काढले आणि मल्टिपल स्क्लेरोसिस असं नाव सांगितलं. मंजुळा कागद घेऊन तडक माझ्याकडे आली. मी तिला जमेल तसं सांगितलं. मेंदूतून अंगभर तारा जातात, त्या तारांवर एक कव्हर असतं. आपल्याच रक्तातले शिपाई चुकून ते कव्हर कुरतडतात. जिथलं कव्हर गेलं तिथला निरोप अडतो. कधी डोळा, कधी हात, कधी पाय. असा झटका येतो, ओसरतो, आणि दर झटक्याला जाताना थोडं काहीतरी घेऊन जातो.

"आणि औषध?"

"झटके कमी येतील. गेलेलं परत आणणार नाही."

"म्हंजे पाय टिकवायला," ती म्हणाली. "नाय तर मी बसू कशी? पाटीवर तासन् तास उकिडवं बसायचं, उठायचं, टोपली उचलायची. पाय गेला का माजी जागा गेली." कोळीवाड्यात सासूची जागा सुनेला मिळते. तिची ती जागा तिच्या सासूची, आवडाबाईंची होती, आणि त्यांच्या सासूची त्याआधी. रिकामी राहिली की आठवड्यात दुसरी कोणी पाटी टाकते. मंजुळाला मरणाची भीती नव्हती, तिला ती चार फूट जागा जायची भीती होती.

औषध परदेशातलं. आधीच भरून आलेल्या छोट्या काचेच्या पिचकाऱ्या, आठवड्यातून तीनदा कातडीखाली टोचायच्या. तिचा नवरा विश्राम घोडबंदर रोडच्या एका कंपनीत होता, तिथल्या मेडिकलमधून तीन-तीन महिन्यांचं मिळायचं. अट एकच. डॉक्टर लिहून देतील तोपर्यंत. एकदा डॉक्टरांनी बंद लिहिलं की पुन्हा चालू होणं अवघड.

मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, टोचल्यावर ताप येईल, थंडी वाजेल, अंग ठेचल्यासारखं होईल, दुसऱ्या दिवशी मरगळ राहील. सोमवार, बुधवार, शुक्रवार टोचा.

"सोमवार नाय चालणार," मंजुळा मला म्हणाली. "सोमवारची टोचली का मंगळवारी मी आडवी. मंगळवारी गिऱ्हाईक असतं. सोमवार, गुरुवार, शनवार लोक मासली खात नाय, ते दिवस तापाचे. म्हंजे टोचायचं कवा? आयतवार, बुधवार, शुक्रवार, बाजार उठला का."

मी बोटं मोजून बघितली. दोन टोचण्यांमध्ये निदान अठ्ठेचाळीस तास हवेत, ते बरोबर बसत होते. डॉक्टरांना फोन करून विचारलं तर ते म्हणाले, चालेल की. अख्ख्या ठाण्याच्या उपासतापासाच्या दिवशी मंजुळाचा ताप, आणि लोकांच्या जिभा खवळल्या की मंजुळा पाटीवर हजर. मला तर हसूच आलं.

ताप मात्र हसण्यासारखा नव्हता. चार वाजता टोचलं की साडेसातला दात वाजायला लागायचे. एकशे एक, एकशे दोन. मी घरी जाताना वाकडी वाट करून तिच्याकडे डोकवायचे. गोधडीखाली गुडघे पोटाशी घेऊन पडलेली असायची आणि तशातही प्रश्न विचारायची.

"सिस्टर, औषधात ताप भरलेला असतो का?"

"नाही गं. फ्लू झाला की आपलं शरीर आपणहून एक रस तयार करतं, सगळीकडे बोभाटा करायला, की शत्रू आला. तोच रस या पिचकारीत आहे. शरीराला वाटतं फ्लू आला, म्हणून ते तापतं."

गोधडी हलली. हसत होती. "म्हंजे खोटी बोंब! माजं अंग पण कसलं येडं, दर टायमाला फसतं."

जिथे टोचायचे तिथे पावलीएवढा लाल डाग उठायचा, गरम, कडक. दोन मांड्या, पोट, दोन दंड, आळीपाळीने. दहा-दहा दिवस डाग जायचे नाहीत. तिला त्यातही गंमत. पोटावरचा लवकर जातो, मांडीवरचा राहतो, असं का? मला काय माहीत! इतकी वर्षं नर्स होते, मला कधी असले प्रश्न पडले नाहीत, आणि ते पडले नाहीत याचा मला तिच्यासमोर राग यायचा.

लिहिण्याचा तिला कंटाळा. तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर टिकल्या चिकटवायला सुरुवात केली. ताप आला की तारखेवर लाल टिकली. जास्त आला तर मोठी, कमी आला तर बारीक. डाग उठला तर शेजारी काळी. चार महिन्यांत कॅलेंडर नवरीच्या कपाळासारखं भरून गेलं. विश्राम वैतागायचा, त्याला पगाराची तारीख दिसायची नाही.

आवडाबाईंचा या सगळ्याला कडाडून विरोध. "चालती फिरती पोर तुमी तापवून तापवून मारता," त्या मला तोंडावर बोलायच्या. "रोग महिन्यातून एकदा दिसत नाय, आन ह्यो ताप आटवड्याला तीन वेला! मंग रोग कंचा खरा?" आणि खरं सांगू, बाहेरून बघणाऱ्याला तसंच दिसत होतं. सुया सुरू झाल्यापासून एकही झटका आला नव्हता. पण न आलेला झटका दाखवणार कसा? ताप मात्र सगळ्या आळीला दिसायचा. मी त्यांना समजावत बसायचे नाही. म्हणायचे, "आवडाबाई, मला कामं आहेत."

मग नव्याण्णवचा मे महिना आला. विजेचा खेळखंडोबा चालू होता आणि त्यात नाखव्यांच्या फ्रिजचा कॉम्प्रेसर जळला. तीन महिन्यांच्या पिचकाऱ्या नुकत्याच आलेल्या. मंजुळा खोकी पोटाशी धरून माझ्याकडे धावत आली. "सिस्टर, थंड ठेवायला सांगितलंय. तुमच्या फ्रिजमदी ठेवू?"

आमच्या दवाखान्यात फ्रिज होता. त्यात डॉक्टरांच्या पाण्याच्या बाटल्या, धनुर्वाताची इंजेक्शनं आणि माझा ताकाचा तांब्या. जागा करता आली असती. बाहेर बाकावर वीस पेशंट होते, एक पोरगं किंचाळत होतं, माझं डोकं फिरलेलं. मी म्हटलं, "अगं, तू दिवसभर बर्फात बसतेस आणि मला फ्रिज मागतेस? बर्फात ठेव की!"

तिला ते पटलं. पटलं काय, आवडलंच. "बर्फाचं मना कुनी शिकवायला नको," असं म्हणून ती गेलीसुद्धा.

आणि खरंच, बर्फ तिला कोण शिकवणार? तिने वेगळी थर्माकोलची पेटी घेतली. रोज सकाळी फोडलेला बर्फ, त्यावर खडे मीठ, पुन्हा बर्फ, मधे खोकी प्लास्टिकमध्ये गुंडाळून. उंची सुरमई दोन दिवस कडक ठेवायची तर कोळणी अशीच भरतात, मिठाने बर्फ आणखी गार होतो. आपल्या सगळ्यात मोलाच्या वस्तूला तिने सगळ्यात मोलाच्या मासळीची वागणूक दिली. टोचायच्या दिवशी आवडाबाई बाराला एक खोकं बाहेर काढून ठेवायच्या, कारण गार औषध टोचलं की झोंबतं. चारला ते माझ्या हातात येईपर्यंत साध्या पाण्यासारखं दिसायचं.

आठवड्याभरात ताप उतरला. म्हणजे यायचाच बंद झाला. साडेसात वाजले, आठ वाजले, मंजुळा ठणठणीत. सोमवारीसुद्धा उठून घर धुतलं. जूनमध्ये तर गुरुवारी सुकी मासळी घेऊन बसली. विश्रामने पेढे आणले. आवडाबाई पहिल्यांदा माझ्याशी गोड बोलल्या आणि मला तळलेले बोंबील पाठवले. मी ते खाल्ले आणि शहाणपणाने म्हणाले, "मी सांगितलं नव्हतं? सहा-आठ महिन्यांत शरीराला सवय होते." पुस्तकात तसं आहेच. खोटं काही बोलले नव्हते.

मंजुळा एकटीच खूश नव्हती. "सिस्टर, सवय झाली तर हलू हलू कमी व्हायला पायजे ना? एकशे दोन, मंग एकशे एक, मंग शंभर. ह्यो तर नल बंद केल्यासारका बंद झाला."

"तुला काय ताप हवाय का गं? सुखाने चार दिवस काढता येत नाहीत तुला."

"तसं नाय. कलायला पायजे ना!"

मी सुई डब्यात टाकली आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. आजही ते आठवलं की माझाच मला राग येतो.

जुलैच्या शेवटी झटका आला. सकाळी ती उठायला गेली आणि डावा पाय नव्हताच. दिसत होता, पण कमरेखाली डावीकडे काहीच कळेना. इस्पितळात पाच दिवस सलाइनमधून स्टेरॉइड दिलं. पाय जरासा उचलायला लागला, बधिर मात्र तसाच. मोठ्या डॉक्टरांनी कागद बघितले. नऊ महिने नियमित इंजेक्शनं, एकही चुकलेलं नाही, तरी एवढा जोराचा झटका. "याचा अर्थ या औषधाचा तुम्हाला उपयोग होत नाहीये," ते म्हणाले. "सध्या थांबवा. पंधरा दिवसांनी या, मी कंपनीला बंद म्हणून पत्र देतो." दुसरं काही औषध आहे का, असं विश्रामने विचारलं. त्यांनी खांदे उडवले नाहीत, तेवढा चांगला माणूस होता. पण उत्तर तेच होतं. तेव्हा दुसरं काही नव्हतं.

आवडाबाईंनी देवापुढे नारळ फोडला. मला निरोप आला, आता तुमची सुई नको. तिकडे पाटीच्या जागेवर मंजुळाच्या चुलत जावेने दोन दिवस टोपली ठेवलीसुद्धा.

त्या पंधरा दिवसांतल्या दहाव्या दिवशी सकाळीच विश्राम मला बोलवायला आला. "चला सिस्टर, ती ऐकत नाय. डोसकं फिरलंय तिचं."

मंजुळा खाटेवर बसलेली. मांडीवर कॅलेंडर. "बगा," ती म्हणाली. मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत टिकल्याच टिकल्या. मग कोरं. जून कोरा, जुलै कोरा. "लाल नाय म्हंजे ताप नाय. ठीक हाय, सवय झाली. पन काली पन नाय! डाग पन नाय उटला. कातडीला पन त्याच दिवशी सवय झाली? आन ह्यो बगा, ह्या दिवशी फ्रिज बिगडला. त्याच दिवशी पेटी आयली."

मला अजून काही उमगलं नव्हतं. मग तिने आवडाबाईंना हाक मारली. मंजुळाने आदल्या दिवशी पुन्हा बर्फ-मीठ भरायला लावलेल्या पेटीतलं उरलेलं एक खोकं आवडाबाईंनी सरळ बर्फातून काढून तिच्या हातात दिलं. तिने ते माझ्यासमोर फोडलं आणि पिचकारी माझ्या तळहातावर ठेवली.

"हलवा."

मी हलवली. आत काही हललं नाही. दट्ट्या दाबला, सरकेना. औषधाचा पांढरट खडा झाला होता.

मी पिचकारी तिथेच ठेवली. दवाखान्यात धावत गेले आणि खणातून त्या औषधाची घडी केलेली चिठ्ठी काढली. इंग्रजीतली, मुंगीएवढी अक्षरं. कसं टोचायचं तेवढं मी पहिल्या दिवशी वाचलं होतं. मागच्या बाजूला ठळक छापलेलं होतं, गोठू देऊ नका, गोठलेलं वापरू नका. अडीच महिने मी त्या बाईला मेलेलं औषध टोचत होते. वर बोंबील खात होते.

परत येऊन मी तिला वाचून दाखवलं. तिने पिचकारी खोक्यात परत ठेवली. मग म्हणाली, "कोलनीच्या पोटची मी, आन बर्फात चुकले." तिच्या डोळ्यांत पाणी पाहिलं ते तेव्हाच. पायासाठी रडली नव्हती.

"डॉक्टरांना सांगायला पाहिजे," मी म्हटलं.

"सांगायचं म्हंजे काय, पत्र लिवायच्या आदी सांगायचं. औषध नापास नाय झालं. मी त्याला परीक्षेला बसूच दिलं नाय."

पंधराव्या दिवशी विश्रामने तिला टॅक्सीत घातलं, मी रजा टाकून बरोबर गेले. डॉक्टरांनी लेटरहेड पुढे ओढलेलं होतं. मंजुळा म्हणाली, "सायेब, थांबा. चूक माजी हाय. मी औषध मिठाच्या बर्फात ठेवलं, ते गोटलं." आणि तिने कॅलेंडरची पानं टेबलावर पसरली, टिकल्यांसकट. सगळा दोष तिने आपल्या अंगावर घेतला. माझं नावही घेतलं नाही. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, मला गप्प राहता यावं म्हणून.

मला गप्प राहावंसं वाटलं. तीस वर्षांची नोकरी, नाव, सगळं डोळ्यांपुढे आलं. पण मग मलाच माझी लाज वाटली. मी म्हटलं, "सर, बर्फात ठेव असं मी सांगितलं. आमच्याकडे फ्रिज होता. आणि चिठ्ठी मी पूर्ण वाचली नव्हती."

त्यानंतर डॉक्टर जे मला बोलले ते मी इथे सांगणार नाही. त्यातला प्रत्येक शब्द मला लागू होता. शेवटी त्यांनी चष्मा काढून टिकल्यांवरून बोट फिरवलं. "ताप आला म्हणजे औषध लागू पडलं असं नसतं," ते मंजुळाला म्हणाले. "आणि नाही आला म्हणजे वाया गेलं असंही नसतं. हे लक्षात ठेवा. पण गोठलेल्या औषधावरून मी निकाल देऊ शकत नाही." लेटरहेडवर त्यांनी लिहिलं, चालू ठेवावे, नवीन पुरवठा द्यावा.

"आन पाय?" विश्रामने विचारलं.

"थोडा सुधारेल. पूर्ण परत येईल असं मी सांगणार नाही."

मंजुळाने मान डोलावली. उजवा पाय आणि दोन हात अजून होते, ते सांभाळायचे होते.

नवीन खोकी आली ती थेट आमच्या दवाखान्याच्या फ्रिजमध्ये. डॉक्टरांच्या पाण्याच्या बाटल्या मी बाहेर काढल्या, ताकाचा तांब्या घरी नेला. बुधवारी चारला तिच्या घरी जाऊन टोचलं. तापाची गोळी पुढे केली तर म्हणाली, "आज नको. मना बगायचंय."

"अगं, हाल होतील."

"होऊ दे."

मी थांबले. विश्राम उंबऱ्यात बसला. आवडाबाई भिंतीला टेकून बसल्या. सहा वाजले. सात वाजले. मंजुळा डोळे उघडे ठेवून पडलेली, स्वतःच्या अंगाकडे कान लावून. साडेसात झाले तरी काही नाही. मी पुन्हा घड्याळ बघितलं. नवा साठासुद्धा कुठेतरी बिघडला असेल तर? पावणेआठला तिचा खालचा ओठ थरथरला. मग दात वाजायला लागले.

"ताप आयला!" ती ओरडली. "आये, आयला गो!"

आणि ज्या आवडाबाईंनी सहा-सात महिने त्या तापाला शिव्या घातल्या त्या उठल्या, दोन्ही गोधड्या सुनेच्या अंगावर टाकल्या आणि वरून स्वतः तिला घट्ट धरून बसल्या. त्या रडत होत्या. मीही. थर्मामीटरमध्ये एकशे दोन होता.

खाट हलत होती इतकी मंजुळा कापत होती. मी पायथ्याशी गोधडी खोचायला वाकले तेव्हा तिने मला हाक मारली. दातांमधून शब्द तुटत तुटत येत होते.

"सिस्टर, डावा पाय पन कापतो का?"

मी गोधडीत हात घालून तिचं डावं पाऊल धरलं. ते माझ्या हातात थडथडत होतं.

"हो. कापतोय."

"नीट बगा. मना तिथलं कायपन कलत नाय."

"नीट बघितलं. उजव्यासारखाच कापतोय."

"मंग औषध तिथवर पोचलं," ती म्हणाली आणि डोळे मिटले.